बी-वन लॉग: ह्योरेनचे ७० गुण पोकळ निघाले

जर्मनच्या बी-वन परीक्षेचा मॉडेलझाट्झ (नमुना प्रश्नपत्रिका) सोडवला: लेझेन (वाचन) ३० पैकी २७, ह्योरेन (ऐकणं) ३० पैकी २१. गुणांत ९० आणि ७०; पास ६० ला. मागच्या नोंदीत ठरल्याप्रमाणे आता बी-टूचा, म्हणजे पुढच्या पातळीचा, मॉडेलझाट्झ काढायचा होता. तूर्त तो बाजूला, कारण ह्योरेनच्या आकड्यावर विश्वास उरलेला नाही.

या वेळी उत्तरं तपासण्याआधी प्रत्येकापुढे 'प' (पक्कं) नाहीतर 'अ' (अंदाज) लिहिलं. पक्की १२, त्यातली ११ बरोबर. अंदाजाची १८, त्यातली तब्बल १० बरोबर! पेपरची रचनाच तशी आहे. पहिल्या भागात १० प्रश्न, निम्मे चूक-बरोबर, निम्मे तीन पर्यायांचे. दुसऱ्यात तीन पर्यायांचे ५, तिसऱ्यात चूक-बरोबरचे ७, चौथ्यात तीन बोलणाऱ्यांत वाटायची ८ विधानं. काहीही न ऐकता खुणा केल्या तरी सरासरी १२ जुळतात, म्हणजे ४० गुण फुकटात. अ‍ॅपवाले 'तुम्ही बी-टू' म्हणून बिल्ला देतात, त्यात हा हिशोब नसतो. वर हवं तितक्यांदा ऐकू देतात. असल्या बिल्ल्याला काडीची किंमत देऊ नये.

'अ' बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या भागातले, जे एकदाच ऐकवतात. संहिता वाचली तर सगळे शब्द ओळखीचे, म्हणजे अडचण शब्दसंग्रहाची नाही. मग एकेक वाक्य थांबवून श्रुतलेखन केलं. गळती वाक्याच्या शेपटाशी आहे. 'एर झाग्ट डेन टेर्मीन आम फ्राइटाग' ('तो शुक्रवारची भेट…') इथवर कान जागा असतो. पुढे 'आब' आलं तर भेट रद्द, 'त्सू' आलं तर होकार, आणि नेमकं तेच निसटतं. वार कळला की कान सैल सोडतो.

आकडे मात्र एकही चुकला नाही, याचा खरंच आनंद आहे. जर्मनमध्ये चौतीससारखाच एकक आधी येतो. इंग्रजीचा वळसा न घेता थेट मराठीत पकडायचे. एकोणचाळीसला तेवढं सावध राहायचं, तिथे जर्मन 'नऊ आणि तीस' म्हणते.

उपाय: डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश बातम्या मूळ वेगातही मिळतात. आधी मूळ वेगात एकदाच, मग पाच वाक्यांचं श्रुतलेखन, मग छापील मजकूर. क्रम उलटा केला तर कान नाही, आठवण मोजली जाते. चर्चगेट लोकलमध्ये इयरफोन लावून सराव चालेल, मोजणी नको; खडखडाटात शेवटची व्यंजनं आधी जातात. मोजायचं घरी, स्पीकरवर, पॉज न करता.

लिहिता लिहिता सुचलं: बी-वनचे चार मोड्यूल सुटे असतात. मग लेझेन का अडवून ठेवायचं? काळा घोड्याला माक्स म्युलर भवनात सुट्या नोंदणीची पुढची तारीख विचारायची. श्रायबेनही (लेखन) त्यातच उरकेल. श्प्रेखेन (बोलणं) ह्योरेनच्या मागोमाग, कारण जोडीदाराचं वाक्य शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

हा मॉडेलझाट्झ आता ऐकून झाला, मोजणीतून बाद. युबुंग्सझाट्झ (सरावाची दुसरी प्रश्नपत्रिका) न उघडता राखून ठेवलाय. त्यात 'प' लावलेली १८ बरोबर आली की बी-टू.