विसरलेला राग

एनिअग्राम या, माणसांची ९ क्रमांकित व्यक्तिमत्त्व प्रकारांत विभागणी करणाऱ्या मांडणीत ८, ९ आणि १ या तीन क्रमांकांच्या प्रकारांच्या मुळाशी राग असतो, हे वाचले तेव्हा मला प्रथम आई आठवली. नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी फिरताना मी तिला अनेकदा विचारले होते, की वाटणीत डावलले गेल्याचा तुला राग कसा येत नाही. ती केवळ 'जाऊ दे' म्हणे. ८ क्रमांकाची व्यक्ती राग थेट व्यक्त करते, १ क्रमांकाची तो दाबून चुका सुधारण्याच्या आग्रहाकडे वळवते, आणि ९ क्रमांकाची, शांतता भंगू नये म्हणून, आपण रागावलो आहोत हेच विसरते. (२, ३, ४ यांच्याकडे लज्जा, ५, ६, ७ यांच्याकडे भीती.) या मांडणीला मी निदान मानत नाही. मात्र आता आई 'जाऊ दे' म्हणाली, की मी थांबून तिला पुन्हा विचारते.