माशाचं नाव माहीत नाही म्हणून अर्जच घेईनात – माझा अनुभव

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघं भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गरवायला गेलो होतो. एका बोयाच्या (पाण्यात तरंगत ठेवलेल्या खुणेच्या पिंपाच्या) बाजूला कोळंबी लावून गरी सोडली आणि दोनेक किलोचा काळपट, जाड अंगाचा मासा लागला. डोळे बारीक, आणि मागून बघितलं तर तीन शेपट्या! म्हणजे खरी शेपूट एकच, पण वरचा आणि खालचा पर मागे इतके गोल पसरलेले की तिन्ही सारखेच दिसतात. जिताडा, तांब, शिंगाळा सगळं काढलंय मी, असलं काही बघितलं नव्हतं.

बाकीचे तिघे सुटलेच. एक म्हणाला एक शेपूट स्लो, एक फास्ट आणि तिसरी मेगाब्लॉकची. झालं, मेगाब्लॉक मासा असं नावच पडलं, मग तो फक्त रविवारी सापडतो, कुर्ल्याच्या पुढे जात नाही, त्याला चारा म्हणून वडापाव लागतो, धक्क्यावर परत येईपर्यंत हेच. मीपण पोट धरून हसलो. पण घरी आल्यावर चैन पडेना, आपण काढलेल्या माशाचं नाव आपल्याला माहीत नाही हे मला सहन होत नाही. आई म्हणाली तळून टाकू. मी नको म्हटलं, ओळख पटल्याशिवाय कुठलाच मासा खायचा नाही, केंडाचं, म्हणजे त्या फुगणाऱ्या माशाचं, विष शिजवूनसुद्धा जात नाही. सरळ पिशवीत घालून फ्रीजरमध्ये आडवा ठेवला.

मग माशांचं काम बघणाऱ्या एका सरकारी ऑफिसात गेलो. तिथे नमुना ओळखून देतात असं ऐकलं होतं. खिडकीवर फॉर्म मिळाला, त्यात तिसराच रकाना: माशाचे नाव. मी रिकामा सोडला तर फॉर्म परत. म्हटलं साहेब, नाव माहीत असतं तर मी इथे आलो असतो का, तेच तर विचारायला आलोय. ते म्हणाले रकाना भरल्याशिवाय इनवर्ड, म्हणजे आवक नोंद, होत नाही. मी 'अज्ञात' लिहिलं. तो फॉर्म आत गेला, अर्ध्या तासाने बाहेर आला, अज्ञात चालत नाही म्हणून. दुसऱ्या खेपेला कळलं की ज्यांच्याकडे हे काम आहे ते ट्रेनिंगला गेलेत, सोमवारी या. सोमवारी सुट्टी टाकून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून मासाच घेऊन गेलो, म्हटलं डोळ्यांनी बघतील तरी. अडीच तास बाकावर, खोक्यातून पाणी गळून फरशीवर ओघळ आला तर शिपायाने मलाच फडकं आणून दिलं. आणि शेवटी उत्तर काय, नाव लिहून आणा, मग तपासू. तीन खेपा, एक सुट्टी, आणि खोक्याचं झाकण कोणी उघडूनसुद्धा बघितलं नाही! अजून आठवलं की डोकं फिरतं.

परतताना खोकं घेऊन मालडब्यात चढलो. समोर पाट्या घेऊन बसलेल्या कोळीण मावशींनी वास ओळखला, म्हणाल्या बघू काय आहे. झाकण उघडलं आणि त्या लगेच म्हणाल्या, अरे हा तर बोयाखाली राहणारा, वाहत्या ओंडक्याच्या सावलीत असतो, पोर असताना सुकल्या पानासारखा आडवा तरंगतो. नावपण सांगितलं, पण गाडीच्या आवाजात धड ऐकू आलं नाही, दोनदा विचारलं तोवर दादर आलं आणि त्या उतरल्या. ऑफिसच्या तीन खेपांत जे झालं नाही ते त्या बाईंनी दोन मिनिटांत केलं.

त्या रात्री एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) १९८४ ची पश्चिम हिंदी महासागराची माशांची पत्रकं उघडून बसलो, नेटवर फुकट आहेत. मासा ताटात ठेवून टाचण्यांनी पर ताणले आणि मोजले. पाठीच्या परात १२ काटे, मग १५ मऊ किरण (पराच्या लवचीक काड्या), खालच्या परात ३ काटे. पत्रकाशी जुळलं, शास्त्रीय नाव लोबोटेस सुरिनामेन्सिस! इंग्रजीत ट्रिपलटेल, म्हणजे तीन शेपट्याच. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९० मध्ये नाव दिलं ते दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामवरून, आणि मासा आपल्या बोयाखाली. पानासारखं तरंगणंही तिथे लिहिलेलं, तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

तुम्हाला असा मासा लागला तर बोटीतच, ताजा असताना, आडवा ठेवून बाजूला पट्टी लावून फोटो काढा, मेल्यावर रंग उतरतो. माझा फोटो हललेला होता. मोजताना भिंग घ्या, पहिला काटा बारीक असतो, सुटतो. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, गरी सोडवताना कल्ल्याच्या झाकणापाशी बोट घालू नका, तिथली कड करवतीसारखी दातेरी असते. माझ्या अंगठ्यावर अजून वण आहे.