ब्लू स्प्रिंगला आईला घेऊन गेले तेव्हा

जानेवारीत फ्लोरिडात चांगलीच थंडी पडली आणि मी आईला म्हटलं, उद्या पहाटे उठायचं, मॅनटी बघायला जायचंय. आई भिगवणची, अख्खा जन्म उजनीच्या पाण्याशेजारी गेलेला, पण मॅनटी म्हणजे काय हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी सांगितलं, पाण्यातली म्हैस समज, दहा फूट लांब, चारपाचशे किलोची, दिवसभर पाणवनस्पती खाते आणि कुणाच्या वाटेला जात नाही. नात्याने तर हत्तीच्या जवळची, वल्ह्यासारख्या पुढच्या पायांना हत्तीसारखी नखंसुद्धा असतात.

ऑरलँडोहून उत्तरेला ऑरेंज सिटीजवळ ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क आहे. गाडीमागे ६ डॉलर. सकाळी ८ ला गेट उघडतं आणि थंडीच्या दिवसांत पार्किंग भरलं की गेट बंदच करतात, त्यामुळे आम्ही साडेसातलाच रांगेत लागलो होतो. जितकी थंडी जास्त तितके मॅनटी जास्त, कारण या प्राण्याच्या अंगावर चरबी नावालाच असते, पाणी २० अंशांच्या खाली गेलं की तो आजारी पडतो, जास्त दिवस तसंच राहिलं तर मरतोही. शेजारची सेंट जॉन्स नदी गार पडते पण जमिनीतून उसळणारा हा झरा बारा महिने साधारण २२ अंशांवरच असतो, म्हणून सगळे नदीतून आत येऊन इथे पडून राहतात.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत या झऱ्यात पोहायला, होडी घालायला, कशालाच परवानगी नाही. काठाने लाकडी बोर्डवॉक आहे, त्यावरून चालायचं आणि बघायचं. आई म्हणाली, "अगं एवढ्या लांब आलो आणि नुसतं वरूनच बघायचं?" मला दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली, दुसऱ्या एका ठिकाणी पाण्यात उतरायची टूर घेतली होती, सांगितलं होतं की हात लावायचा नाही, मागे लागायचं नाही, पण एक पिल्लू दिसलं आणि आम्ही दहाबारा जण पाय मारत त्याच्याकडे गेलो, मीपण गेले, आणि त्याची आई त्याला घेऊन गार पाण्याकडे निघून गेली. ते मनातून जात नाही. उबेला आलेल्या जिवाला आम्हीच थंडीत बाहेर काढलं.

इथे तसं काही होत नाही. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसते, आणि त्यावर राखाडी ओंडके ठेवल्यासारखे मॅनटी, एकमेकांना चिकटून, झोपलेले. मधेच एक ओंडका हलकेच वर येतो, नाकपुड्या उघडतात, फूऽऽस, आणि परत खाली. सगळे जण आपोआप हळू बोलत होते. आमच्या अगदी खाली एक पिल्लू आईच्या काखेत तोंड खुपसून दूध पीत होतं, हो, मॅनटीला दूध काखेतच असतं. आणि त्या आईच्या पाठीवर एकासारख्या एक अशा सातआठ पांढऱ्या रेघा, बोटीच्या पंख्याने कापल्याच्या. इथले अभ्यासक अशा खुणांवरूनच एकेकाला ओळखतात, थंडीत रोज सकाळी होडीतून जाऊन मोजणी करतात. तेवढी एकच होडी आत जाते.

मग आई एकदम म्हणाली, "अगं तो बघ सकर मासा!" खरंच होता. मॅनटीच्या पाठीवरचं शेवाळ खात चारपाच चिकटलेले, आणि तो बिचारा झोपेत अंग झटकत होता. दक्षिण अमेरिकेतला मासा, कुणीतरी फिश टँकमधला सोडून दिलेला, आता उजनीतही तोच आणि इथेही तोच. आई म्हणाली, आपल्याकडे जाळी फाडतो मेला, इथे झोप मोडतो.

१९७० च्या दशकात इथे मोजून काही डझन मॅनटी यायचे, जानेवारी २०२४ मध्ये एका दिवसात ९३२ मोजले. सगळीकडे असं चांगलं चाललेलं नाही, २०२१ मध्ये फ्लोरिडात सुमारे १,१०० मॅनटी मेले, पूर्व किनाऱ्यावर पाणी खराब होऊन समुद्री गवत संपलं आणि कितीतरी उपाशी गेले. म्हणून कुणी कोबी टाकतं, कुणी धक्क्यावरून पाइपने गोडं पाणी पाजतं. कृपा करून हे करू नका, कायद्याने बंदी तर आहेच, पण माणसाकडे, धक्क्याकडे यायची सवय लागली की तो बोटींच्या वाटेत येतो, मग पाठीवर त्या रेघा.

आम्ही तीन तास तिथेच होतो, डबाही गाडीत जाऊन खाल्ला आणि परत आलो. संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी, आईने भिगवणला मामाला फोन लावला, तो सीझनला फ्लेमिंगो दाखवायला होडी नेतो. "अरे, होडी जरा लांबच थांबवत जा, उडवू नको त्यांना." मामा म्हणाला, "ताई, गिऱ्हाईकच म्हणतंय जवळ घे, उडताना फोटो पाहिजे." आई म्हणाली, "मग त्यांना सांग, माझी बहीण अमेरिकेत तीन तास नुसती काठावर उभी राहिली."