तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना घेऊन परदेशात ट्रामनं का हिंडलीस?

आत्या विचारते, ऑफिसात विचारतात, दादा तर दर दिवाळीला विचारतो. एवढा खर्च करून परदेशात जायचं आणि तिथं बस-ट्रामला लटकायचं कशाला, आणि तेही 71 वर्षांच्या बाबांना घेऊन? 31 वर्षं एसटीत कंडक्टर होते, उभं राहून राहून पाय सुजायचे, आता तरी त्यांना सुखानं गाडीत बसव की. इस्तंबूलला काय झालं ते सगळ्यांना अर्धवट माहितीये, म्हणून एकदा पूर्ण लिहिते.

आधी मी सांगायचे की पैसे वाचतात. वाचतातच, पण ते कारण लोकांना पटकन पटतं म्हणून पुढे करायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडतं, मनापासून आवडतं. व्हिएन्नात मी बीथोवन आणि शूबर्ट या संगीतकारांच्या कबरी बघायला 71 नंबरच्या ट्रामनं चालले होते, समोर एक आजी मांडीवर फुलांची कुंडी घेऊन बसलेल्या, वळण आलं की माती सांडू नये म्हणून कुंडीवर तळहात ठेवायच्या. त्या पण त्याच दफनभूमीत चालल्या होत्या, पण बघायला नाही, कुणाला तरी भेटायला. तिथं कुणी वारलं की 'त्यानं 71 पकडली' असं म्हणतात हे मला नंतर कळलं. टॅक्सीनं गेले असते तर कबरी बघून परत आले असते, त्या आजी दिसल्याच नसत्या. हाँगकाँगची ट्राम तर 1904 पासून चालू आहे, दुमजली ती नंतर झाली, मागनं चढायचं आणि पुढनं उतरताना पैसे द्यायचे, मी एक अख्खी दुपार वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून घालवली आणि मला ती वाया गेली असं अजिबात वाटत नाही.

तर इस्तंबूल. 2023 चा ऑक्टोबर. पहिले दोन दिवस छान गेले, 1875 सालच्या टूनेलमधनं गेलो, लंडननंतर जगातली सगळ्यात जुनी भुयारी रेल्वे, प्रवास जेमतेम दीड मिनिटाचा, बाबांनी तो दोनदा करायला लावला. तिकिटाचं कार्ड मी एकच घेतलं होतं, तेच दोनदा टेकवलं की दोघं आत. याचं मला तेव्हा कौतुक वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी एमिनोनूहून ट्राम पकडली, सुलतानअहमतला उतरायचं होतं. गर्दी खच्चून. मी उतरले, मागं वळून बघते तर बाबा आतच, दांडा धरून उभे, मध्ये चार माणसं. दार बंद झालं. काचेतनं ते माझ्याकडं बघत होते आणि मी हातानं काहीतरी खुणा करत होते, काय खुणा केल्या ते मला आजही आठवत नाही. त्यांच्या फोनला तिथं रेंज नव्हती कारण रोमिंग मी फक्त माझ्या नंबरला घेतलं होतं. चुकामूक झाली तर काय करायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. दरवेळी मी पुढे, बाबा मागे, एवढंच.

पुढची ट्राम आली, मी चढले, चेंबर्लिताशला उतरले. बाबा नाहीत. तिथं दोन्ही फलाटांवर बघितलं, मग बेयाझितला गेले, तिथंही नाहीत. एका पोलिसाला मोबाइलमधला फोटो दाखवला, तो बिचारा तुर्कीत काहीतरी विचारत राहिला, मी मराठीत उत्तरं देत होते हे मला बऱ्याच वेळानं लक्षात आलं. आईला काय सांगायचं एवढंच डोक्यात. शेवटी परत सुलतानअहमतला आले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

बाबा फलाटाबाहेर कठड्यावर बसले होते. चेंबर्लिताशला ते उतरले होते, पण लोंढ्याबरोबर गेटच्या बाहेर पडले, आणि परत आत यायला कार्ड नाही. कार्ड माझ्याकडं. मग रुळाच्या कडेकडेनं चालत मागं आले, अर्धा किलोमीटर असेल, उताराचा रस्ता. म्हणजे मी ज्या ट्रामनं त्यांना शोधायला वर गेले तिच्या शेजारनंच ते खाली येत असणार, आणि मला दिसले नाहीत कारण मी फोनमध्ये नकाशा बघत होते. हे मी आजपर्यंत दादाला सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितेय.

कापडी पिशवी त्यांनी छातीशी धरलेली, पिशवीचा बंद तर्जनीला इतका आवळून गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "पाणी आहे का गं?" मी बंद सोडवला. रात्रीपर्यंत ते बोलले नाहीत.

पुढचे दोन दिवस मी टॅक्सी केली. म्हणजे दादा म्हणतो तेच केलं, आणि चूक कार्डाची होती, ट्रामची नव्हती, हे मी स्वतःला तेव्हाही सांगत होते आणि आताही सांगते. पण ते पूर्ण खरं आहे का? घाई मला होती, मागं बघायची सवय मला नव्हती, आणि माझी हौस मी त्यांच्यावर लादली असेन तर? बाबांना विचारलं तर म्हणतात, "मला काय, कुठनं पण चालतं." यातनं काय समजायचं.

शेवटच्या दिवशी बोटीनं जाऊया असं तेच म्हणाले. एमिनोनूहून कादिक्योय, वीसेक मिनिटं, छोट्या ग्लासातला काळा चहा, मागं सीगल. मी दोन कार्डं घेतली होती, एक त्यांच्या खिशात. पलीकडं उतरल्यावर दोलमुशमध्ये बसलो, म्हणजे आपल्या वडापसारखीच गाडी, भाडं मागनं पुढं हातोहात ड्रायव्हरकडं जातं आणि सुट्टे तसेच मागं येतात. मागच्या बाईंनी बाबांच्या खांद्याला हात लावून नोट दिली. बाबांनी ती पुढं दिली आणि हात तसाच पुढं धरून ठेवला, गाडी हलत होती तरी. सुट्टे आले. नोटा सरळ केल्या, नाणी अंगठ्यानं एकेक सरकवत मोजली, आणि मगच मागं वळून बाईंच्या हातात दिली.