नवस नसताना

२९ नोव्हेंबरला पहाटेची मिस्सा झाली आणि बेळगावच्या फातिमा कॅथेड्रलमधून आम्ही चौदा जण निघालो. पुढं लाकडी क्रूस, मागं सामानाचा टेम्पो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. चोर्ल्याच्या रस्त्यानं जायचं ठरलं होतं.

किणये ओलांडेपर्यंत सगळे गात होते. कुसमळीच्या पुलावर मलप्रभा लागली तोवर माझ्या टाचेला फोड आला. जांबोटीच्या मुक्कामात आमच्यातल्या मावशीनं मेणबत्तीवर सुई तापवली, फोडातून दोरा आरपार ओवला आणि टोकं तशीच बाहेर ठेवली. "पाणी झिरपू दे. कातडं सोलायचं नाही."

चहावाले काका पंढरीची वारी करणारे, गळ्यात तुळशीमाळ. "कसला नवस बोललाईसा?"

"नवस नाही."

"मग बरोबर. मागायला जाणारा एकदाच जातोय."

मला बरं वाटलं, पण ते अर्धंच खरं होतं. आधी मी नाताळ आणि फेस्तापुरताच देवळात दिसायचो. दोन वर्षांपासून घरी रोज रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालते. ते जड नाही, सवय लागते. जड जाते ती एकच ओळ, अपराध्यांना क्षमा करण्याची. तिथं माझा आवाज आपोआप बारीक होतो. शेजारच्या घरातल्या दादाशी मी चार वर्षं बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी कणकुंबी. मलप्रभेचा उगम इथं माउलीच्या देवळापाशी. कळसा नाल्याचा कालवाही इथलाच, ज्याच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचं जुंपलंय. २०१८ साली लवादाचा निकाल आला, तरी मिटलं नाही. सगळे त्यावर तावातावानं बोलत होते. मी गप्प. आमचं भांडणही पाण्याचंच, सामाईक बोअरच्या.

घाट उतरताना गुडघे बोलायला लागले. गोव्यातलं साखळी गाव कधी आलं कळलं नाही.

२ तारखेला जुन्या गोव्यात, बॉम जेझू चर्चमध्ये कुमसाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या रांगेत तासभर उभा होतो. पाद्री कोकणीत बोलले, मी मराठीत. सगळं सांगून झाल्यावर बोअरचं सांगितलं, तेही दादाची चूक आधी. ते मध्येच थांबवून म्हणाले, "त्याचं कुमसार तो करील. तुझं सांग."

बाहेर येऊन पायरीवर बसलो. टाचेतला दोरा अजून तसाच होता. फोन लावला. वहिनीनं उचलला.

"भावजी? पोचलासा? पाय बरं हायत न्हवं?"

मागून दादाचा आवाज आला, "कोण गं?"