एल कॅमिनो घेताना इंजिनाआधी पत्रा का पाहावा

डेट्रॉइटच्या परिसरात राहून जुन्या गाड्यांत रमणाऱ्या माणसाला, विशेषतः ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळ्यानंतर, आपली मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. पुढून ऐटबाज मोटार आणि मागे उघडा हौदा अशी ती शेव्हरोले एल कॅमिनो फार आवडली आहे, एक विकायलाही आहे, इंजिन चावी फिरवताच सुरू होते आणि रंगही चकचकीत आहे, तर घ्यावी का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे मत असे की इंजिनाचा आवाज सर्वांत शेवटी ऐकावा. मोटारीचा ट्रक करताना जिथे जिथे सांधा आला, तिथे तिथे ही गाडी आतून कुजते, आणि त्यातले बहुतेक सांधे उभ्याने पाहणाऱ्याला दिसत नाहीत.

हे समजण्यासाठी गाडी कशी घडली ते थोडे पाहावे लागेल. फोर्डने १९५७ मध्ये अशाच बांध्याची रँचेरो आणली आणि तिला उत्तर म्हणून शेव्हरोलेने १९५९ मध्ये एल कॅमिनो आणली. त्या पहिल्या गाडीच्या हौद्याचा तळ म्हणजे बोल्टांनी बसवलेला पन्हळी पत्रा होता, आणि त्याच्याखाली ब्रुकवूड या स्टेशन वॅगनचा (मागे सामानाची मोठी जागा असलेल्या मोटारीचा) मूळ तळ तसाच ठेवलेला होता. १९६० नंतर खंड पडला. १९६४ मध्ये ती शेव्हेल या शेव्हरोलेच्याच मोटारीच्या चॅसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, परत आली आणि १९८७ पर्यंत निघत राहिली. या काळातही विचार तोच होता: वॅगनच्या अंगावर हौदा बेतायचा. म्हणून मागच्या बाकावरच्या प्रवाशांचे पाय जिथे आले असते, तो खोलगट भाग हौद्याच्या पुढच्या टोकाखाली शिल्लक राहिला आणि त्यावर झाकणाचा पत्रा आला. वरून हौदा कितीही सपाट आणि स्वच्छ दिसला, तरी पावसाचे पाणी, पाने आणि माती कडेच्या फटींतून त्या खोलगट भागात उतरतात, आणि एकदा का तिथे ओला गाळ साचला की पत्रा उन्हाळ्यातही सुकत नाही. विकणाऱ्याची परवानगी घेऊन हे झाकण उघडावेच. परवानगी मिळाली नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरी जागा हौद्याच्या बाजूंची. तिथे दोन पत्रे असतात, आतला हौद्याचा आणि बाहेरचा, रंग दिलेला, मोटारीच्या मागच्या अंगाचा. दोन्हींमधली पोकळी खाली निमुळती होत जाते, आणि चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथेच घट्ट बसतो. म्हणून मागच्या चाकाच्या पाठीमागे गुडघ्यावर बसावे, पत्र्याच्या खालच्या कडेच्या आत बोटे घालावीत आणि कड चाचपत बंपरापर्यंत जावे. चांगला पत्रा बोटांना पातळ, सलग आणि गार लागतो. पुट्टी भरलेली कड जाड आणि ओबडधोबड लागते, आणि आतून कुजलेल्या कडेवरून तपकिरी पापुद्रे हातात येतात. बरोबर एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्यावे. दारावर ते चटकन चिकटते आणि चाकामागे येताच निसटून पडते, तेव्हा त्या चकचकीत रंगाखाली काय आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. फाळकाही असाच दुहेरी पत्र्याचा असतो, आणि त्याच्या खालच्या कडेची पाणी निघण्याची भोके बुजली की तो तळातून सुटत जातो.

तिसरी जागा काचांची आहे, आणि माझ्या मते लोक तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. पुढच्या आणि मागच्या काचेभोवतीची चकाकती पट्टी लहान क्लिपांवर बसते आणि त्या क्लिपा पत्र्याला जोडलेल्या बारीक खुंट्यांवर अडकवलेल्या असतात. प्रत्येक खुंटीपाशी रंगाला बारीक जखम होते. पट्टीआड पाणी थांबते आणि गंज तिथून निघून काचेखालच्या पत्र्यात पसरतो. बाहेरून पाहणाऱ्याला फार तर पट्टीच्या कोपऱ्यात रंगाचा एखादा फुगा दिसतो, पण तोवर पाणी आत ठिबकू लागलेले असते. पुढच्या काचेचे पाणी पायांखालच्या तळाकडे जाते आणि मागच्या काचेचे बाकामागच्या तळात साचते. म्हणून गालिचा उचलून, बाक पुढे ओढून तळाला हात लावून पाहावा. छतावर व्हिनाइलचे आच्छादन असेल, तर ते पाणी धरून ठेवते, तेव्हा काचेच्या वरच्या कडेलाही फुगे शोधावेत.

आता चॅसिस. एल कॅमिनोला मोटारीच्या कवचाखाली वेगळी चॅसिस आहे, हे तिचे भाग्य आहे, कारण वरचा पत्रा कापून नवा जोडता येतो. मात्र मागच्या ॲक्सलवरून चॅसिस जिथे वर वळते, तिथल्या पोकळीत वर्षानुवर्षे माती साठते. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि खारी हवा लोखंडाचे काय करते हे रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाला सांगायला नको. इथे तर मिठाचे पाणी थेट चाकांवरून उडून त्या पोकळीत जाते. गाडी जॅकवर घेऊन, खाली भक्कम आधार देऊन, त्या वळणावर आणि त्याच्या मागे बोथट स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा. तो आत गेला, तर बाकीची तपासणी करण्यात अर्थ नाही. कवच आणि चॅसिस यांच्यामधले रबरी गुटके दबले किंवा त्यांच्या जागेचा पत्रा कुजला, की कवच खाली बसते आणि दाराच्या मागची फट वर-खाली सारखी राहत नाही. ती फट पाहायला कोणतेही हत्यार लागत नाही.

रँचेरोचेही कोणी विचारतात, म्हणून एवढेच सांगतो की १९६० ते १९६५ ची रँचेरो फोर्डच्या फाल्कन या लहान मोटारीवर बेतलेली होती आणि तिला वेगळी चॅसिस नव्हती. तिच्यात तळाचा पत्रा हाच गाडीचा कणा आहे. काचेखालच्या हवेच्या जाळीतून आत गेलेले पाणी तिथला पत्रा कुजवून चालकाच्या पायांवर गळू लागते, आणि मागचे पाटे जिथे तळाला टांगलेले असतात तिथे गंज असेल तर तो थेट सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

यांत्रिक बाबतीत मी इतका धास्तावत नाही. शेव्हरोलेच्या लहान व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाचे सुटे भाग आजही अमेरिकेत सहज मिळतात आणि बहुतेक कामे घरच्या गॅरेजमध्ये होतात. मागच्या बाजूने तेल गळणे नेहमीचेच आहे. क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे ऑइल सील ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन तुकड्यांचे होते, पण त्यावर खापर फोडण्याआधी वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट तपासावे, कारण तिथून ओघळलेले तेलही त्याच जागी येऊन थेंबते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक इंजिनांत टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणाऱ्या साखळीच्या) वरच्या चक्राला नायलॉनचे दात दिले होते. वयाने ते ठिसूळ होतात आणि त्यांचे तुकडे तेलाच्या टाकीत पडून पंपाच्या जाळीत अडकतात. चेन बदलली आहे का, हे म्हणूनच विचारावे. गाडी काही दिवस उभी राहिल्यावर सुरू व्हायला फार वेळ घेत असेल आणि तिला रोचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर असेल, तर त्याच्या तळाच्या बुचांतून पेट्रोल झिरपून गेले असण्याची शक्यता मोठी आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरच्या काही गाड्यांत टर्बो हायड्रामॅटिक २०० हा नाजूक गियरबॉक्स आला. त्याजागी त्याच मालिकेतला अधिक मजबूत ३५० बसवलेला असेल, तर मी तो गुणच मानतो.

ब्रेक आणि मागचे सस्पेन्शन मात्र गांभीर्याने घ्यावे. १९६७ पूर्वीच्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना एकच मास्टर सिलिंडर (पॅडलचा दाब ब्रेकच्या तेलात उतरवणारा भाग) आणि एकच वाट होती, त्यामुळे गंजलेली एक नळी फुटली की पॅडल सरळ तळाला जाते. अशा गाडीत दुहेरी सिलिंडर बसवून घेतल्याशिवाय मी कुटुंबाला बसवणार नाही. शिवाय हौदा रिकामा असताना मागे वजन कमी असते, आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाके पुढच्यांआधी जाम होऊन गाडी फिरू शकते. मागे हवेचे शॉक ॲब्सॉर्बर असतील, तर त्यांतली हवा सोडायला सांगावी. हवा भरून उचललेली गाडी ताठ उभी दिसते, आणि हवा गेल्यावर किती खाली बसते यावरून मागच्या स्प्रिंगांची खरी स्थिती कळते.

ॲरिझोनातल्या कोरड्या हवेतली गाडी मिळाली, तर वाहतुकीचा खर्च धरूनही ती घ्यावी, असा माझा आग्रह आहे. उन्हाने तिचा डॅशबोर्ड तडकलेला असेल, दारांची रबरे आणि पेट्रोलच्या नळ्या कडक झालेल्या असतील, पण त्या सगळ्या वस्तू विकत मिळतात. १९६८ ते १९७२ च्या गाडीचे पुढचे पत्रेही नवे मिळतात, कारण ते शेव्हेलचेच आहेत. १९७३ ते १९७७ च्या गाडीचे नवे पत्रे फार कमी निघतात, त्यामुळे त्या वर्षांतली गाडी निवडताना मागच्या अंगाचा पत्रा शाबूत असल्याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.