सोन्याच्या रेषा आणि इन्फ्रारेड डिटेक्टर : माझा अनुभव

मे महिन्यातली माझी सगळी कामाची रीडिंग्ज पहाटे साडेचार ते सातच्या मधली आहेत. जळगावात दुपारी पारा ४४च्या वर गेला की इन्फ्रारेड डिटेक्टर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मोजणारा डायोड, अंधारातही भरपूर करंट देऊ लागतो. हा डार्क करंट. इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या डायोडमध्ये तापमान आठ-दहा अंशांनी चढलं की तो साधारण दुप्पट होतो. डायोड थंड करायचं उपकरण माझ्याकडे नव्हतं, म्हणून पहाटेचा गारवा वापरला.

साध्या डिटेक्टरला प्रकाश किती, एवढंच कळतं. त्याचं विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेत डोलतंय, म्हणजे ध्रुवीकरण, कळत नाही. काच, पाणी, रंगवलेला पत्रा अशा गुळगुळीत पृष्ठभागावरून तिरका परतलेला प्रकाश बराच ध्रुवीकृत असतो, खडबडीत मातीवरून आलेला फारसा नसतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत उन्हं कलल्यावर डोळ्यांपुढे पोलरॉइड (एकाच दिशेत डोलणारा प्रकाश सोडणारी पट्टी) फिरवून पाहा, पानांवरची चकाकी जाते नि येते. मला हेच १५५० नॅनोमीटरच्या न दिसणाऱ्या प्रकाशात करायचं होतं, तेही वेगळा पोलरायझर (दिशा गाळणारी अशीच पट्टी) न लावता, थेट डायोडवर.

त्यासाठी डायोडवर सोन्याच्या समांतर रेषा. तारांच्या जाळीने ध्रुवीकरण ओळखणं जुनंच आहे, शास्त्रज्ञ हर्ट्झने १८८८ मध्ये रेडिओलहरींवर ते करून दाखवलं. पण रेषांमधलं अंतर नेमकं साधलं तर आणखी काही घडतं. विद्युतक्षेत्र रेषांना काटकोनात असेल तर सोन्यातले मुक्त इलेक्ट्रॉन एका लयीत हलतात आणि प्रकाश सोनं व अर्धवाहक (डायोडचा पदार्थ) यांच्या सीमेला धरून धावू लागतो. हा पृष्ठ-प्लाझमॉन. क्षेत्र रेषांना समांतर असेल तर तो उठतच नाही. मला यातलं सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की ही लहर अर्धवाहकात जेमतेम पाव मायक्रॉन खोल जाते. मग प्रकाश शोषणारा थर नेहमीच्या दोन-तीन मायक्रॉनऐवजी ०.३ मायक्रॉनचा पुरतो, आणि थर पातळ झाला की डार्क करंटही उतरतो.

सूत्राने रेषांचं अंतर ४७० नॅनोमीटरच्या आसपास येत होतं. मीप हे प्रकाशाचं सिम्युलेशन करणारं मोफत सॉफ्टवेअर वापरून, खालचे सगळे थर धरून पाहिल्यावर ते ४५०वर सरकलं. गणनेची जाळी दोन नॅनोमीटरपर्यंत बारीक केल्याशिवाय उत्तर स्थिर होत नाही, आणि तेवढी बारीक केली की एकेक रन रात्रभर चालतो. वीज गेली की सगळं पुन्हा. दर तासाला रन सेव्ह करायला मी फार उशिरा शिकलो.

रेषा काढायला मुंबईला जावं लागलं. बाहेरच्या संशोधकांसाठी आयआयटीत इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम आहे, प्रस्ताव मंजूर झाला की तिथली उपकरणं मिळतात. निघताना वडील म्हणाले, "सोनं ते आपला जयगावमा बी भेटस, मंग तू मुंबईले काब्र जास?" मी त्यांना हिशेब करून दाखवला. १०० मायक्रॉनच्या चौकोनातल्या, ५० नॅनोमीटर जाडीच्या रेषांमध्ये जेमतेम पाच नॅनोग्रॅम सोनं असतं. एका गुंजेत असे दोन कोटींवर डिटेक्टर होतील. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मंग जाय."

पहिल्या खेपेला सोनं थेट बसवलं आणि ॲसिटोनमध्ये लिफ्ट-ऑफ करताना, म्हणजे रेषांबाहेरचं नको असलेलं सोनं उचलून काढताना, निम्म्या रेषा उठून आल्या. खाली पाच नॅनोमीटर क्रोमियम दिलं तर रेषा पक्क्या बसल्या, पण अनुनादच, म्हणजे प्लाझमॉनची लयच, मेला. दोन नॅनोमीटर टायटॅनियमवर जमलं.

खरी परीक्षा मोजताना झाली. लेझरपुढे पोलरायझर फिरवला, सिग्नल सुंदर वरखाली झाला, आणि तीन आठवडे मी ते सोन्याचं काम समजत होतो. मग एकदा रेषा नसलेला डायोड लावला, तर तोही तसाच नाचला! लेझरचा प्रकाश मुळातच ध्रुवीकृत असतो, आणि साध्या फायबरमधून आणल्यावर फायबर नुसता हलला तरी त्याची दिशा बदलते. तेव्हापासून पोलरायझर एका जागी पक्का केला आणि डायोडच फिरवायला लागलो. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिलं रीडिंग कोऱ्या डायोडचं घ्यावं, असं मी कळकळीने सांगेन.

आता खरा आकडा समोर आला. काटकोनातल्या आणि समांतर सिग्नलचं गुणोत्तर सिम्युलेशनमध्ये २८ होतं, हातात आलं ३.५. कारण साधं होतं. डायोडचा संवेदनशील भाग ३०० मायक्रॉनचा, रेषांचा चौकोन १००चा, आणि बाजूच्या उघड्या जागेतून सगळ्या दिशांचा प्रकाश सरळ आत जात होता. पुन्हा मुंबई. चौकोनाभोवती जाड सोन्याची चौकट भरून आणली.

त्या नमुन्याचं पहिलं रीडिंग पहाटे पावणेसहाला घेतलं. गुणोत्तर ११. विश्वास बसेना म्हणून डायोड काढून पुन्हा लावला, पुन्हा ११. २८च्या मानाने ते कमी आहे. टायटॅनियम आणि रेषांच्या खडबडीत कडा त्यातला काही वाटा खातात. आता ० आणि ९०च्या जोडीला ४५ अंशांच्या रेषांचा नमुना करतोय. तिन्ही दिशांची रीडिंग्ज मिळाली की रेखीय ध्रुवीकरणाची दिशा आणि प्रमाण दोन्ही काढता येतात.